दर महिन्याला तीच थकबाकी: बिल नेमकं कुठे अडतं ते शोधा

विक्री बरी आहे, वहीत नफाही दिसतो, पण पुरवठादाराचे पैसे द्यायचा दिवस आला की खात्यात रक्कम नसते. येण्यांची यादी काढली तर नावं तीच, गेल्या महिन्यातली आणि त्याच्या आधीच्या महिन्यातलीसुद्धा. फोनाफोनी केली की थोडे पैसे येतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच गत. मग दुकानदार तगादा वाढवतो. तगाद्याने या महिन्याचे पैसे येतीलही, पण दुखणं तिथंच राहतं. छोट्या दुकानांचे हिशेब लावून देण्याचं काम मी करते, आणि माझं ठाम मत आहे की वारंवार थकणारी बिलं बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या दानतीमुळे थकत नाहीत. बिल वाटेत कुठेतरी अडून पडलेलं असतं, आणि ती जागा पुष्कळदा आपल्याच दुकानात असते.

हे लिहिते आहे ते उधारीवर माल देणाऱ्या दुकानांसाठी. कार्यालयांना स्टेशनरी पुरवणारे, बांधकामाला हार्डवेअर देणारे, शाळा-दवाखान्यांना माल पोचवणारे, आणि घरगुती गिऱ्हाइकांचं महिन्याचं खातं चालवणारेही.

आधी मोजा

एकूण येणी किती, या एका आकड्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक बिल त्याच्या मुदतीच्या तारखेपासून मोजा आणि चार गटांत टाका: मुदत न उलटलेली, ३० दिवसांपर्यंत उलटलेली, ३१ ते ६० दिवसांची, आणि त्याहून जुनी. पुष्कळ जण बिलाच्या तारखेपासून मोजतात. त्याने अजून देणंच न लागलेली बिलंही थकीत दिसतात आणि खरी थकलेली त्या गर्दीत हरवतात.

दुसरा आकडा म्हणजे पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात. येणी भागिले उधारीची विक्री, गुणिले त्या काळातले दिवस. समजा ९० दिवसांत उधारीवर १८ लाखांचा माल गेला आणि आज येणी ८ लाख आहेत, तर सरासरी ४० दिवस झाले. तुमची मुदत ३० दिवसांची असेल तर दहा दिवसांचा माल तुम्ही फुकट वापरायला दिला आहे. या हिशेबात रोखीची विक्री मिसळू नका, नाहीतर आकडा उगाच चांगला दिसतो.

आता खरं निदान. वारंवार थकणाऱ्या गिऱ्हाइकांची पाच-सहा जुनी बिलं काढा आणि प्रत्येकापुढे या तारखा लिहा: माल दिला, बिल बनलं, बिल पोचलं, त्यांच्याकडे मंजूर झालं, पैसे आले. काही तारखा तुमच्याकडे नसतील, त्या त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाला विचारून घ्या. ज्या दोन तारखांमध्ये सगळ्यात मोठी फट दिसेल तिथं दुखणं आहे. पुढचं सगळं त्या फटीनुसार वाचा, सरसकट सगळे उपाय एकदम लावायची गरज नाही.

माल गेला आणि बिल बनलं, यांत फट

ही फट सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात कमी मान्य केली जाते. दिवसभर काउंटर, संध्याकाळी मालाची आवक, मग बिलं रविवारी एकदम किंवा महिनाअखेरीला. १ तारखेला गेलेल्या मालाचं बिल १० तारखेला बनलं तर ३० दिवसांची मुदत प्रत्यक्षात ३९ दिवसांची झाली, आणि ती तुम्ही स्वतःच दिली. गिऱ्हाइकाला यातून एक निरोपही जातो: यांना पैशांची घाई नाही.

मालासोबत बिल, किंवा निदान त्याच दिवशी बिल. रोज थोडा थोडा माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाला रोजचं बिल देणं दोघांनाही जड जातं. तिथे चलनावर (माल पोचवल्याच्या चिठ्ठीवर) माल द्या, चलनावर सही घ्या, आणि आठवड्यातून एका ठरलेल्या वारी सगळ्या चलनांचं एक बिल करा. महिन्याला एक मोठं बिल करण्यापेक्षा आठवड्याची चार छोटी बिलं मला केव्हाही बरी वाटतात. छोटी रक्कम मंजूर करायला वरच्या माणसाकडे जावं लागत नाही, आणि एका बिलात वाद निघाला तरी बाकीची तीन मोकळी राहतात.

घरगुती खात्यांना वेगळा विचार लावा. पगार ज्या सुमारास होतो त्याच्या एक-दोन दिवस आधी हिशेब हातात पडला पाहिजे. २० तारखेला दिलेलं बिल बाजूला ठेवलं जातं, आणि पगाराचे पैसे आले की आधी समोर असलेल्या खर्चांना लागतात.

बिल गेलं पण पोचलं नाही

ज्याने फोनवर माल मागवला त्याच्या मोबाइलवर बिल पाठवलं जातं. तो माणूस गोदामाचा किंवा साइटवरचा. त्याचं काम माल आल्यावर संपलं, बिल त्याच्या चॅटमध्ये शंभर फोटोंखाली जातं. पैसे देणारा दुसराच, आणि त्याला बिल आहे हेच ठाऊक नसतं. मुदत उलटल्यावर तुम्ही फोन करता तेव्हा तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, “बिल आलंच नाही.”

खातं उघडतानाच तीन गोष्टी विचारा: बिल कोणाच्या नावे आणि कुठे पाठवायचं, मंजुरी कोण देतं, पैसे कोण सोडतं. नाव आणि नंबर खात्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोठं बिल असेल तर पाठवल्यावर दोन दिवसांनी एक छोटा फोन करा, पैशांसाठी नव्हे, फक्त “बिल मिळालं ना, त्यात काही कमी-जास्त नाही ना?” एवढ्यासाठी. मुदतीनंतरच्या अनेक फोनांपेक्षा हा एक फोन जास्त काम करतो, कारण या वेळी कोणीच बचावाच्या पवित्र्यात नसतं.

पोचलं, पण टेबलावर पडून आहे

इथे बहुधा बिलातच खोट असते. त्यांनी दिलेला ऑर्डर नंबर बिलावर नाही. फर्मचं नाव त्यांच्या नोंदीतल्या नावाशी जुळत नाही. “किरकोळ सामान” असं एका ओळीत लिहिलंय आणि मंजूर करणाऱ्याला कळत नाही की काय आलं होतं. चलनाची सही असलेली प्रत जोडलेली नाही. अशा बिलावर अकाउंट्सचा माणूस नकार देत नाही, तो ते बाजूला ठेवतो. तुम्हाला कळतं महिन्याभराने.

बिलावर काय हवंच: क्रमांक, तारीख, त्यांचा ऑर्डर नंबर, माल ओळीओळीने, करासह एकूण रक्कम, पैसे कुठे भरायचे ते पूर्ण तपशिलासह, शंका आल्यास कोणाला फोन करायचा, आणि पैसे देण्याची शेवटची तारीख. ही शेवटची तारीख मोठ्या अक्षरात, रकमेच्या अगदी शेजारी.

“मुदत ३० दिवस” असं लिहू नका, तारीख लिहा. ३० दिवस कशापासून? तुम्ही बिलाच्या तारखेपासून धरता, ते बिल हाती आल्यापासून, आणि काही मोठ्या संस्था ज्या महिन्यात बिल आलं त्या महिनाअखेरीपासून. ३ तारखेचं बिल महिनाअखेरीपासून धरलं तर जवळजवळ दोन महिन्यांवर जातं, आणि समोरचा आपल्या परीने अगदी वेळेवर पैसे देत असतो.

आणखी एक गोष्ट बिलावर छापून घ्या: आमचा बँक खाते क्रमांक बदलल्याचा मेसेज किंवा ईमेल आला तर पैसे भरण्याआधी आमच्या नेहमीच्या नंबरवर फोन करून खात्री करा. दुकानदाराच्या नावाने खोटा ईमेल पाठवून पैसे भलत्याच खात्यात वळवण्याची फसवणूक जगभर चालते. त्यात गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असतात, तुम्हाला मिळालेले नसतात, आणि वर्षानुवर्षांचे संबंध एका दिवसात बिघडतात.

मंजूर झालं, तरी पैसे नाहीत

पुष्कळ संस्था रोज पैसे सोडत नाहीत. महिन्यातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या दिवशी, तोवर मंजूर झालेली सगळी बिलं एकदम काढतात. त्या यादीची शेवटची तारीख एका दिवसाने चुकली की बिल थेट पुढच्या फेरीत जातं. हा दिवस कोणता ते विचारलं तर कोणीही सांगतं, पण विचारणारे फार थोडे. तो कळल्यावर बिलाची तारीख त्याच्याशी जुळवून घ्या. गिऱ्हाइकाचा नियम बदलायला जाण्यापेक्षा आपला दिवस बदलणं कितीतरी सोपं.

कधी बिलातल्या एकाच ओळीवर वाद असतो, दोन डबे फुटलेले निघाले किंवा दर वेगळा ठरला होता, आणि त्यासाठी सगळंच बिल थांबवलेलं असतं. तेव्हा स्पष्ट सांगा: “वादाची रक्कम बाजूला ठेवू, ती या आठवड्यात मी बघते. बाकीची रक्कम ठरलेल्या तारखेला सोडा.” चूक तुमची असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, त्याच दिवशी द्या. ती रेंगाळली की बिलही रेंगाळतं.

पैसे आलेत, पण कोणत्या बिलाचे?

काही गिऱ्हाइकं गोळा रक्कम पाठवतात, बिल क्रमांक न सांगता. तुम्ही ती कुठल्या तरी बिलाला लावता, ते त्यांच्या वहीत दुसऱ्याच बिलाला. काही महिन्यांत दोन वह्यांतली बाकी जुळेनाशी होते. मग त्यांच्या दृष्टीने चुकत्या झालेल्या बिलासाठी तुम्ही तगादा लावता, आणि ते दुखावतात. दर महिन्याला प्रत्येक खात्याचा उतारा पाठवा: आधीची बाकी, या महिन्यातली बिलं, आलेले पैसे, आजची बाकी. पाचशेचा फरक असताना जुळवणं दहा मिनिटांचं काम असतं. तोच फरक वर्षभर साचू दिला तर कोणाचीच वही कोणाला पटत नाही.

आठवण कशी करायची

वरची कारणं दूर केल्यावरही काही जण उशीर करतातच. इथे आठवण लागते, आणि ती पद्धतशीर हवी. मूड बघून, गरज पडली तेव्हा, रागाच्या भरात केलेले फोन दोघांनाही थकवतात. गिऱ्हाईकही शिकतं की हे ओरडेपर्यंत थांबायला हरकत नाही.

माझ्या मते हा क्रम बहुतेक दुकानांना पुरतो. मुदतीच्या तीन-चार दिवस आधी एक मेसेज. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी दुसरा. आठवडा उलटला की फोन. पंधरा दिवसांनी उधारी बंद झाल्याची लेखी सूचना. महिना उलटला की मालकाने स्वतः जाऊन भेटावं. मेसेज साधा ठेवा:

“नमस्कार. बिल क्र. ___, रक्कम ___, देय तारीख ___. आठवणीसाठी कळवत आहे. बिल सोबत पुन्हा जोडलं आहे. पैसे पाठवले असतील तर बिल क्रमांकासह कळवावं, म्हणजे खात्यात लगेच नोंद करता येईल.”

बिल पुन्हा जोडणं महत्त्वाचं. “बिल सापडत नाही” हे कारण तिथंच संपतं.

फोनवर सगळ्यात मोठी चूक होते ती “पाठवतो” या शब्दावर फोन ठेवण्याची. “पाठवतो” हे उत्तर नव्हे. तारीख आणि रक्कम मिळाल्याशिवाय संभाषण संपवू नका. “बरं, मग शुक्रवारी धरू का? पूर्ण रक्कम की त्यातली काही?” उत्तर मिळाल्यावर गप्प राहा, उगाच स्वतःहून सवलत देऊ नका. पुष्कळ भिडस्त दुकानदार समोरचा क्षणभर थांबला की लगेच म्हणतात, “नाहीतर पुढच्या महिन्यात द्या.” समोरच्याने मागितलेलीही नसते ती मुदत! फोन ठेवल्यावर कोण बोललं, काय कबूल केलं, कुठल्या तारखेला, हे वहीत लिहा आणि त्यालाही मेसेजने पाठवा. कबूल केलेला दिवस चुकला तर त्याच दिवशी संध्याकाळी फोन गेला पाहिजे. चार दिवसांनी गेलेल्या फोनाने शब्दाची किंमत संपते.

ओळखीच्या माणसाकडे पैसे मागणं खरंच अवघड असतं. छोट्या दुकानात मालकच विकतो, मालकच गप्पा मारतो, मालकच वसुली करतो, आणि सकाळी हसून बोललेल्या माणसाला दुपारी थकबाकी विचारायला जीभ रेटत नाही. शक्य असेल तर ही कामं वेगळ्या माणसांना द्या. घरातलं दुसरं कोणी, हिशेब बघणारी, दुकानातला जुना माणूस. “आमच्याकडे दर सोमवारी सगळ्यांनाच आठवण जाते” हे सांगता येणं फार उपयोगी पडतं, कारण मग ती मागणी व्यक्तीवर राहत नाही, पद्धतीची होते. काही मर्यादा मात्र मी कधीच ओलांडू देत नाही: दुकानात थकबाकीदारांची नावं लावणं, ग्रुपवर नाव घेणं, त्याच्या नातेवाइकांना फोन करणं. त्याने माणसाची अब्रू जाते, आणि काही ठिकाणी तो कायद्याने गुन्हाही ठरू शकतो.

जो खरोखर अडचणीत आहे त्याला ओळखा. तो बहुधा फोन टाळतो, कारण लाज वाटते. त्याला हप्ते बांधून द्या, लेखी, तारखांसह, आणि हप्ते चालू असेपर्यंत नवा माल रोखीने. निदान तो दुकानात येत राहतो.

माल थांबवायचा कधी

पहिल्या ऑर्डरपूर्वीच प्रत्येक खात्याला रकमेची मर्यादा ठरवा, आणि ती गिऱ्हाइकाला सांगा. मर्यादा संपली किंवा पंधरा दिवसांहून जुनी थकबाकी निघाली, की पुढचा माल रोखीने. यात गिऱ्हाईक तुटायची भीती वाटते. पण हिशेब बघा. शंभराच्या विक्रीत दहा उरत असतील आणि शंभराचं एक बिल बुडालं, तर त्या मालाला घातलेले नव्वद भरून काढायला आणखी नऊशेचा माल विकावा लागतो. त्या गिऱ्हाइकाला पुढचा माल नाकारून जे तुटेल ते यापुढे फार थोडं आहे. मधला मार्गही आहे: दर नव्या ऑर्डरबरोबर जुन्यातली ठरलेली रक्कम, आणि नवा माल रोख.

सूट आणि व्याज

लवकर पैसे दिल्यास सूट, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो स्वीकारण्याआधी त्याची किंमत काढा. ३० दिवसांऐवजी १० दिवसांत दिले तर २ टक्के सूट, असं ठेवलं तर २० दिवसांसाठी तुम्ही ९८ वर २ मोजता. वर्षाच्या दराने ते ३७ टक्क्यांच्या वर जातं. किरकोळ व्यापारातल्या बारीक नफ्यात हे परवडणारी दुकानं थोडी, आणि काही गिऱ्हाइकं ३० व्या दिवशी पैसे देऊनही सूट कापून घेतात. मी ती फक्त एखाद्या फार मोठ्या बिलासाठी सुचवते. नेहमीसाठी आगाऊ रक्कम बरी: खास मागवलेल्या मालावर अर्धे पैसे ऑर्डर देतानाच.

उशिराचं व्याज लावायचं असेल तर ते आधी ठरलेलं आणि लेखी असावं. कायदाही काही ठिकाणी पाठीशी असतो. ब्रिटनमध्ये १९९८च्या कायद्याने व्यावसायिक येण्यांवर बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं, युरोपीय संघाचा २०११चा निर्देशही जवळपास तसाच आहे. भारतात २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण २०२१मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना त्या कायद्याखालच्या उद्योगांच्या नोंदणीत घेतलं गेलं ते बँकांनी ठरावीक क्षेत्रांना प्राधान्याने द्यायच्या कर्जापुरतंच, त्यामुळे नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानाने या तरतुदीवर विसंबून राहू नये. हे सगळे नियम धंद्या-धंद्यातल्या व्यवहाराचे आहेत, घरगुती गिऱ्हाइकाला ते लागत नाहीत.

दावा करण्यालाही मुदत असते, भारतात साधारण तीन वर्षं, इंग्लंडमध्ये सहा. ती संपण्याआधी गिऱ्हाइकाने बाकी लेखी मान्य करून सही केली तर ती नव्याने मोजली जाते. दरवर्षी खात्याच्या उताऱ्यावर सही घेण्याचा हाही एक फायदा.

उधारी परत कधी सुरू करायची

थकलेले पैसे एकदाचे आले की दुकानदाराचा जीव भांड्यात पडतो आणि त्याच दिवशी तो पूर्वीइतकीच उधारी सुरू करतो. दोन महिन्यांत खातं पुन्हा तिथंच. त्याऐवजी जुन्या मर्यादेच्या अर्ध्यावर सुरू करा आणि सलग तीन बिलं तारखेला आली की पूर्ण करा. गिऱ्हाइकाला ही अट आधीच सांगा. ज्याला माल हवा आहे तो ती पाळतो. जो पुन्हा चुकतो त्याचं खातं रोखीचं करा, आणि त्याच्या खात्याच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही नसताना काउंटरवर बसलेल्यालाही ते दिसेल.